नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८, ठाणे – ९ फेब्रुवारी १८९७, मुंबई) हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक आणि मुंबईतील गिरणी कामगारांचे पहिले पुढारी होते. भारतीय कामगार चळवळीचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. रविवारच्या साप्ताहिक सुट्टीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मात्र त्यांच्या कार्याचा गाभा सुट्टीपुरता मर्यादित नव्हता. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराला विश्रांती, अन्न आणि अपघातानंतरचा आधार हवा, ही गोष्ट त्यांनी मालक व सरकार यांच्यापुढे हक्काची मागणी म्हणून मांडली. आज कामाच्या ठिकाणचे आरोग्य व सुरक्षितता या नावाने जो विषय शिकवला जातो, त्याचा महाराष्ट्रातील आरंभ त्यांच्या अर्जांत सापडतो.

जन्म आणि पूर्वायुष्य

लोखंडे यांचे घराणे फुलमाळी समाजातील. मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. नारायणरावांचा जन्म ठाण्यात झाला आणि शिक्षणही तेथेच झाले. घरची स्थिती गरिबीची असल्याने त्यांना लवकर नोकरी धरावी लागली. मुंबई–ठाणे आगगाडी त्यांच्या बालपणीच, १८५३ साली सुरू झाली होती. या रेल्वेच्या खात्यात आणि नंतर टपाल खात्यात त्यांनी काही काळ काम केले. १८७० च्या सुमारास ते मुंबईतील मांडवी गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले.

या नोकरीचे महत्त्व त्यांच्या चरित्रात मोठे आहे. भांडारपालाला स्वतः साच्यावर उभे राहावे लागत नाही, पण तेल, पट्टे, सुटे भाग आणि कापूस यांच्या हिशेबामुळे त्याचा प्रत्येक खात्याशी संबंध येतो. कामगार किती वाजता आत येतो, किती वाजता बाहेर पडतो, पगार किती दिवस थकतो, कुणाचा हात यंत्रात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कोण उभा राहिला, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. पुढे लोखंडे यांनी केलेल्या मागण्यांत जो नेमकेपणा दिसतो, तो या अनुभवातून आलेला आहे. त्या काळी कामगारांविषयी कळवळा बाळगणारे सुशिक्षित लोक मुंबईत इतरही होते. गिरणीच्या दाराच्या आत वर्षानुवर्षे काढलेले मात्र फारच थोडे होते.

गिरणीच्या आतील स्थिती

कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि मुंबईच्या कापड उद्योगाला प्रारंभ झाला. पुढील तीस वर्षांत गिरणगाव वाढत गेले. बेटाबाहेर, कुर्ल्यातही गिरणी उभी राहिली. तेथील धरमसी गिरणी जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये विकत घेऊन तिला स्वदेशी हे नाव दिले. या काळात मुंबईच्या गिरण्यांचा मुख्य माल सूत हा होता आणि त्याचा मोठा भाग चीनला जात असे. गिरण्यांत कामाला येणारी माणसे बहुतांशी कोकणातून आणि घाटावरून आलेली, शेतीतून निघालेली होती.

सूतगिरणीतील हवा हा तेथील कामगाराचा पहिला शत्रू होता. कापसाच्या गाठी फोडून कापूस पिंजण्याच्या खात्यात व त्यापुढील कार्डिंग खात्यात बारीक तूस सतत उडत असे. ते केसांवर, भुवयांवर आणि अंगावरच्या कपड्यांवर बसे आणि श्वासावाटे छातीतही जाई. वर्षानुवर्षे अशा हवेत काम करणाऱ्याला छाती आवळल्यासारखी वाटणे, खोकला आणि दम लागणे हे विकार जडतात. सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी त्रास अधिक जाणवणे हे या रोगाचे वैशिष्ट्य असून वैद्यकशास्त्रात त्याला बिसिनोसिस म्हणतात. लोखंडे यांच्या काळात मुंबईच्या कामगाराला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दम लागलेला माणूस गावी परत जाई आणि त्याची नोंद कोठेच होत नसे.

धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून खिडक्या बंद ठेवून आत ओलावा राखण्याकडे व्यवस्थापनाचा कल असे. बंद खोली, उकाडा, तेलाचा वास, शेकडो माणसांचे श्वास आणि तूस यांची मिळून तेथील हवा बनलेली असे. मागावर काम करणाऱ्यास धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागत असल्याने क्षयासारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय आपोआप होई.

दुसरा धोका यंत्रांचा. त्या काळी एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची शक्ती लांबलचक दांड्यांवरून आणि चामडी पट्ट्यांवरून प्रत्येक साच्यापर्यंत नेली जाई. हे पट्टे माणसांच्या अगदी जवळून फिरत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा सुटलेले केस त्यात अडकले की सावरण्यास वेळ मिळत नसे. त्यातही चालू यंत्राखाली शिरून तूस झाडण्याचे काम अंगाने लहान म्हणून मुलांकडे येई.

कामाचे तास सूर्य ठरवी. पहाट झाली की गिरणी सुरू आणि अंधार पडला की बंद, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा आणि हिवाळ्यात थोडा लहान असे. दुपारी यंत्रे थांबतीलच असे नव्हते. कामगार साच्याच्या शेजारी, त्या तुसातच भाकरी खाई. सणाच्या दिवशी गिरणी बंद राहिली तरी यंत्रे साफ करण्यासाठी त्याला सकाळी बोलावले जाई. अपघाताचा आणि थकव्याचा संबंध समजण्यास संशोधनाची गरज नव्हती. दिवसाच्या अखेरच्या तासांत हात चुकतो, हे गिरणीत राहिलेल्या कुणालाही दिसत होते.

सत्यशोधक समाज आणि 'दीनबंधु'

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मुंबईत समाजाचे काम लवकरच रुजले. त्यात रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू यांसारख्या तेलुगू भाषक व्यावसायिकांचा मोठा हातभार होता. लोखंडे या मंडळींत सामील झाले आणि मुंबईतील प्रमुख कार्यकर्ते बनले.

समाजाच्या विचारांचे मुखपत्र असलेले 'दीनबंधु' कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात सुरू केले होते. पैशांअभावी ते चालवणे कठीण झाले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून संपादकपद स्वीकारले आणि पुढे अखेरपर्यंत ते पत्र सांभाळले. शेतकरी आणि कामगार हे मराठी वृत्तपत्राचे मुख्य विषय होऊ शकतात, हे या पत्राने दाखवून दिले. गिरण्यांतील पगाराची दिरंगाई, दंड, मारहाण, अपघात यांना त्यात जागा मिळे. इतर पत्रांत त्या बातम्या क्वचितच येत.

पहिला कारखाना कायदा आणि त्यावरील वाद

१८८१ चा कारखाना कायदा समजून घेतल्याशिवाय लोखंडे यांची भूमिका कळत नाही. भारतात कारखान्यांसाठी कायदा व्हावा, अशी मागणी प्रथम मोठ्याने केली ती इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनी. मुंबईचा माल स्वस्त पडतो, कारण तेथे कामाच्या तासांवर बंधन नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुंबई सरकारने १८७५ मध्ये एक चौकशी आयोग नेमला. मुंबईतील सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुला-बायकांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार केला, तो मात्र खऱ्या कळवळ्यातून.

देशी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या पुष्कळ पुढाऱ्यांनी आणि पत्रांनी या कायद्याला विरोध केला. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रेही विरोधाच्या बाजूस होती. परक्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी आपल्या नव्या धंद्याचा गळा आवळला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लँकेशायरच्या हेतूविषयीचा त्यांचा संशय निराधार नव्हता. पण त्या वादात गिरणीत उभ्या असलेल्या माणसाचे मत कुणी विचारत नव्हते. लोखंडे यांनी नेमकी ती बाजू उचलली. कायदा कुणाच्या स्वार्थातून येतो यापेक्षा तो कामगाराला काय देतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. यासाठी त्यांना देशहिताचे विरोधक ठरवण्याची सोय विरोधकांना मिळाली, हेही खरे.

१८८१ च्या कायद्याने दिले ते फारच थोडे. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या अशा त्याच्या मुख्य तरतुदी होत्या. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याचे कलम त्यात होते. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीही नव्हते आणि हवेशीरपणाबद्दलही नव्हते.

१८८४ चे निवेदन

मुंबई सरकारने १८८४ मध्ये या कायद्याच्या फेरविचारासाठी मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ती संधी साधून लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. २३ सप्टेंबरच्या परळ येथील सभेत मागण्या निश्चित झाल्या आणि तीन दिवसांनी झालेल्या दुसऱ्या सभेत त्यांना पुन्हा पाठिंबा मिळाला. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवण्यात आले. सही म्हणजे बहुतेकांचा अंगठा असणार. तरीही नोकरी जाण्याची भीती असताना इतक्या माणसांनी आपले नाव कागदावर येऊ दिले, हे त्या काळच्या मुंबईत नवे होते.

निवेदनात पाच गोष्टी मागितल्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. रोज दुपारी अर्धा तास यंत्रे थांबवून विश्रांती द्यावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाचवी मागणी सर्वांत दूरवर पाहणारी होती : कामावर असताना गंभीर इजा झाली, तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी.

भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. म्हणजे लोखंडे यांनी ही मागणी मांडली, तेव्हापासून ती कायद्यात येण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात यंत्रात हात गेलेल्या माणसाला मालकाच्या मर्जीवर जे मिळेल तेवढेच मिळत राहिले. दुपारच्या अर्ध्या तासाची मागणीही साधी नव्हती. ती विश्रांतीपुरती नव्हती, सर्व यंत्रे एकाच वेळी थांबावीत हा तिचा अर्थ होता. यंत्र चालू असताना कामगाराने आळीपाळीने जेवून घेणे, म्हणजे तूस खाणे आणि पट्ट्यांकडे एक डोळा ठेवणे. हे भांडारपालाला ठाऊक होते.

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन

लोखंडे यांनी स्थापन केलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनचे वर्ष काही लेखक १८८४, तर काही १८९० असे देतात. पहिल्या सभा १८८४ मध्ये झाल्या आणि संस्थेचे नाव १८९० च्या हालचालींत ठळकपणे पुढे आले, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. नंतरच्या अभ्यासकांनी असाही आक्षेप घेतला आहे की या संस्थेला सभासदांची यादी, वर्गणी, घटना यांपैकी काहीच नव्हते, म्हणून तिला कामगार संघटना म्हणता येत नाही. आजच्या व्याख्येने हा आक्षेप बरोबर आहे. पण ज्या कामगारांना एकत्र जमल्याबद्दलही कामावरून काढता येत होते आणि ज्यांच्यासाठी संघटनांचा कायदा १९२६ पर्यंत आला नाही, त्यांच्याकडून वर्गणीच्या पावत्यांची अपेक्षा करणे जरा जास्तच आहे.

रविवारची सुट्टी

मुलॉक आयोगाच्या अहवालानंतरही कायदा अनेक वर्षे तसाच राहिला. लोखंडे यांनी अर्ज आणि सभा चालू ठेवल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि गिरणीतून सुटल्यावर घरची चूल त्यांचीच वाट पाहत असे, त्यामुळे सुट्टीची गरज त्यांना दुप्पट होती. सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालक संघाकडे पाठवला. १० जून १८९० रोजी संघाने ती मान्य केली.

रविवारची सुट्टी भारतात लोखंडे यांनी आणली, असे सर्रास सांगितले जाते. याला थोडी दुरुस्ती हवी. सरकारी कचेऱ्या आणि युरोपीय पेढ्या रविवारी आधीपासूनच बंद असत. लोखंडे यांनी ती सुट्टी गिरणीतील मजुरापर्यंत नेली आणि कारकुनाला जे मिळते ते मजुरालाही मिळायला हवे, हे मान्य करवून घेतले.

१८९० चा आयोग आणि १८९१ चा कायदा

मार्च १८९० मध्ये बर्लिन येथे कामगारांच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि ब्रिटनवर भारतातील कायदा सुधारण्याचा दबाव वाढला होता. हिंदुस्थान सरकारने त्या वर्षी डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना आयोग नेमला. सोराबजी बंगाली त्याचे सभासद होते आणि मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांची स्थानिक सभासद म्हणून नेमणूक झाली. एकेकाळचा गिरणीतील नोकर सरकारी आयोगात बसून कामगारांच्या साक्षी ऐकतो आहे, हे दृश्य पूर्वी दिसले नव्हते. आयोगापुढे पुरुष आणि स्त्री कामगारांच्या साक्षी झाल्या.

यातून आलेला १८९१ चा कायदा १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. कायद्याच्या कक्षेत पन्नास कामगारांचे कारखाने आले. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर थांबवून त्यांना दीड तास विश्रांती देण्यात आली. सर्वांसाठी आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास काम बंद ठेवणे बंधनकारक झाले. पाचांपैकी दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात आल्या. कारखान्यातील स्वच्छता, पाणी, गर्दी आणि हवा खेळती राहणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. आतील हवा ही कायद्याच्या कक्षेतील बाब आहे, हे येथे मान्य झाले. नियमांचा अंमल किती झाला, हा भाग वेगळा. कापसाचे तूस त्यानंतरही दशकानुदशके उडत राहिले.

प्रौढ पुरुषांच्या तासांना या कायद्यानेही हात लावला नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादाही संपली आणि दिवस आणखी लांबला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले.

इतर कार्य

विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांना संघटित करण्यात १८९० मध्ये लोखंडे यांचा पुढाकार होता. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणी कामगार दोन्ही बाजूंस होते. दंग्यानंतर दोन्ही समाजांतील कामगारांना एकत्र आणण्यासाठी लोखंडे यांनी परिश्रम घेतले आणि राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरवली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. ते जस्टिस ऑफ द पीसही होते. सरकारी मानाच्या पदव्या घेणारा कामगार पुढारी पुढच्या पिढीतील चळवळींना अवघड वाटला. विसाव्या शतकात त्यांचे नाव बराच काळ मागे पडले, त्याचे हे एक कारण असावे.

प्लेग आणि मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. गिरणी कामगार गाड्या भरून कोकण-घाटाकडे निघाले. जे मागे राहिले ते अंधाऱ्या, कोंदट चाळींत राहत होते. गिरणीतील हवा आणि खोलीतील हवा यांत फारसा फरक नव्हता. सरकारी रुग्णालयांची लोकांना धास्ती होती. अशा वेळी लोखंडे यांनी रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः रुग्णांमध्ये वावरत राहिले. तेथेच त्यांना संसर्ग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास त्यांचे निधन झाले. पुढील महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही मृत्यू झाला.

स्मृती

मनोहर कदम यांच्या मराठी चरित्रामुळे लोखंडे यांचे कार्य पुन्हा अभ्यासकांसमोर आले. परळ येथील राज्य शासनाच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचे कारखाने बेटावरून उपनगरांकडे सरकले. ठाण्याच्या ज्या लोहमार्गाशेजारी लोखंडे वाढले, त्या मार्गावर घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड येथे, आणि पश्चिमेस अंधेरीत, औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या कारखान्यांना १९४८ चा कारखाना कायदा लागू झाला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, साप्ताहिक सुट्टी, हवा खेळती राखणे, धूळ व वाफ काढून टाकण्याची सोय आणि यंत्रांना आडोसा ही त्याची कलमे होती. उपनगरांच्या वेशीवर, शीव येथे १९६६ पासून केंद्रीय श्रम संस्था काम करते. कारखान्यांतील हवेतील धुळीचे व विषारी वायूंचे प्रमाण मोजणे हा तिच्या औद्योगिक आरोग्य प्रयोगशाळेच्या कामाचा भाग आहे.